एका रात्रीत कपडे वाळवायचे असतील तर

दोनच जोड घेऊन निघालं की रात्री धुतलेला टीशर्ट सकाळी दमटच हाती येतो. नुसतं हाताने पिळून भागत नाही.

१. कपडा पिळून कोरड्या टॉवेलवर सपाट पसरा.
२. दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करा, फरशीवर ठेवा आणि गुडघ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत जा. टॉवेल ओलाचिंब होतो, ते सगळं कपड्यातलं पाणी.
३. झटकून पंख्याखाली टांगा, भिंतीला चिकटू देऊ नका.

पातळ सुती किंवा पॉलिस्टरचे कपडे बहुधा सकाळपर्यंत वाळतात. जीन्सच्या नादी लागू नका. शिवणी आणि खिसे ओलेच राहतात. आणि रंग जाणारा कपडा हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळू नका, भरपाई मागतात!