क्रिलचं जाळं डेकवर आलं, आता पुढे काय करायचं?

पहिल्यांदाच दक्षिण ध्रुवाकडच्या रिसर्च क्रूझवर जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सगळे जण कपडे कोणते घ्यायचे, बोट किती लागते, पेंग्विन दिसतात का एवढंच विचारतात आणि जाळं वर आलं की हातात चिमटा घेऊन नुसते उभे राहतात. म्हणून क्रिलचं सॅम्पल कसं घ्यायचं, कसं मोजायचं आणि लोक नेमकी कुठे माती खातात ते सांगतो, माशांचं थोडंसं शेवटी आहे.

अंटार्क्टिक क्रिल म्हणजे युफॉसिया सुपर्बा. दिसतो कोळंबीसारखा पण कोळंबी नाही, पूर्ण वाढलेला फार तर 6 सेंमी आणि वजन 2 ग्रॅमच्या आसपास. देवमासे, सील, पेंग्विन सगळे याच्यावर जगतात आणि माणसाची जहाजंही याच्या मागे असतात. किती पकडायचा ते सीसीएएमएलआर नावाचा आयोग ठरवतो, त्याचा करार 1982 पासून लागू आहे आणि ऑफिस हॉबार्टला आहे. अटलांटिकच्या बाजूला म्हणजे एरिया 48 मध्ये 2019 च्या मोठ्या सर्व्हेत क्रिलचा अंदाज 6.26 कोटी टन आला, आणि तिथे सध्या 6.20 लाख टनांवर मासेमारी थांबवतात. आता समुद्रात जाऊन क्रिलचं वजन कोणी केलं? कोणीच नाही. एकोसाउंडरने आवाज सोडला, तो परत किती जोरात आला ते मोजलं, आणि त्याचे टन करायला लागतात क्रिलच्या लांब्या, ज्या कोणीतरी ओल्या टेबलावर एकेक क्रिल पट्टीला लावून मोजलेल्या असतात. ते कोणीतरी म्हणजे या वेळी तुम्ही. म्हणून मिलिमीटरवरून मी जी कटकट करणारे ती समजून घ्या.

एकोसाउंडरचं काम बहुतेक दुसऱ्याकडे असतं पण माहिती असू द्या. 38 आणि 120 किलोहर्ट्झ या दोन्हीवर बघतात, क्रिलचा थवा 120 वर जास्त ठळक येतो आणि मोठे मासे तसे येत नाहीत, त्या फरकावरून क्रिल वेगळा काढतात. सर्व्हेच्या आधी जहाजाखाली टंगस्टन कार्बाइडचा गोळा, साधारण 38.1 मिमीचा, बारीक दोऱ्यांवर लटकवून कॅलिब्रेशन करतात, म्हणजे एकोसाउंडरचे आकडे बरोबर येतात का ते तपासतात. यात अर्धा दिवस जातो आणि सगळे वैतागतात, तरी ते टाळायचं नाही.

आता जाळं. आरएमटी 8, म्हणजे जहाजामागे ओढायचं चौकोनी तोंडाचं जाळं, असेल तर तोंड 8 चौरस मीटरचं, सोबत बारीक जाळीचं 1 चौरस मीटरचं असतं. जहाज सावकाश चालू, दोन-अडीच नॉट, आणि जाळं तिरकं 200 मीटरपर्यंत खाली आणि परत वर. सोडताना आणि वर आल्यावर फ्लोमीटरचा, म्हणजे जाळ्यातून किती पाणी गेलं ते मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा लिहायचा, दोन्ही वेळा, आणि लिहिणारा माणूस आधी ठरवून ठेवायचा, कारण विंच फिरायला लागली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने लिहिलं असेल. तो आकडा गेला तर अख्ख्या जाळ्यातून किती क्रिल आला एवढंच कळतं, किती पाण्यातून आला ते कळत नाही. समजा जाळं 2000 मीटर पाण्यातून गेलं, तर 8 गुणिले 2000 म्हणजे 16,000 घनमीटर पाणी गाळलं, त्यात 480 क्रिल मिळाले तर घनमीटरला 0.03. याला 200 मीटर खोलीने गुणा, एका चौरस मीटर समुद्राखाली 6 क्रिल. हिशोब एवढाच आहे.

एक लक्षात ठेवा, क्रिलला डोळे आहेत आणि ते चांगले आहेत. दिवसाउजेडी जाळं येताना दिसलं की मोठे क्रिल बाजूला सटकतात, लहान असतात ते जाळीतून निसटतात. त्यामुळे वेळ आणि उजेड लिहून ठेवा, दिवसाचं आणि रात्रीचं जाळं एकत्र करून सरासरी काढू नका.

जाळं डेकवर आलं की घाई सुरू. क्रिल मेला की त्याच्याच पोटातले एन्झाइम त्याला आतून विरघळवायला लागतात, तास-दोन तासात डोकं मऊ पडतं आणि रंग जातो. म्हणून बादलीत समुद्राचंच गार पाणी भरून तयार ठेवा, जाळ्याचं शेवटचं टोक त्यात हळूच रिकामं करा आणि बादली गरम लॅबमध्ये आणू नका. हात गारठतात, गारठू द्या.

मग छोटं सॅम्पल काढायचं, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मी माझ्या पहिल्या क्रूझला बादलीत चिमटा घालून एकेक क्रिल उचलत होतो, शिफ्ट बदलल्यावर त्याच बादलीतून जोडीदाराने मोजले तर माझी सरासरी त्याच्यापेक्षा 4 मिमी जास्त. पट्टी तीच, बादली तीच. माझा हात आपोआप मोठ्या, लालभडक, छान दिसणाऱ्या क्रिलकडे जात होता, बारके पारदर्शक तळाशी तसेच राहिले होते. तेव्हा हाताने वेचायचं नाही. बादली हलकेच ढवळा, एका भांड्याने न बघता खोलवरून काढा, आणि त्या भांड्यातले सगळे, फक्त तुटके सोडून, मोजा. 150 ते 200 क्रिल भरले पाहिजेत, कमी पडले तर दुसरं भांडं, पण तेही पूर्ण. साल्प नावाचे जेलीसारखे पारदर्शक जीव आले असतील तर ते आधी वेगळे काढून मोजून ठेवा, फेकू नका, साल्प जास्त आणि क्रिल कमी असंही वर्ष असतं आणि ते कळलं पाहिजे.

मोजताना क्रिल पाठीवर किंवा कुशीवर सरळ ठेवा, ओढून ताणू नका. डोळ्याच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या मधल्या टोकापर्यंत, टोकावरचे केस धरायचे नाहीत. आकडा खालच्या पूर्ण मिलिमीटरला लिहायचा, म्हणजे 43.8 आला तरी 43. काही जण डोळ्याऐवजी डोक्यावरच्या काट्याच्या टोकापासून मोजतात, त्याने लांबी वेगळी येते, म्हणून कुठून मोजलं ते शीटवर सगळ्यात वर लिहा.

नर-मादी ओळखायला आधी जड वाटतं, पन्नासेक केल्यावर हात बसतो. उलटा करून बघा: पोटाखालच्या पोहायच्या पायांच्या पहिल्या जोडीवर गुंडाळीसारखा अवयव दिसला तर नर, आणि छातीच्या पायांच्या मुळाशी छोटीशी तांबूस गाठ दिसली तर मादी. दोन्ही नसेल तर पिल्लू. अंड्याने भरलेली मादी तर लांबूनच कळते, छाती टम्म फुगलेली असते. पोट हिरवं असेल तर नुकतंच शेवाळ खाल्लेलं आहे, तेही लिहा, फुकटची माहिती आहे.

लांबीवरून वय मात्र सांगू नका. क्रिल उपाशी राहिला की कात टाकून आधीपेक्षा लहान होतो, 1982 साली छापलेल्या एका प्रयोगात क्रिल 211 दिवस काही न खाता जगले आणि आकसत गेले. म्हणजे 40 मिमीचा क्रिल तरुण असेल किंवा हिवाळा काढून आकसलेला म्हातारा असेल. डोळा तितका आकसत नाही, म्हणून जमलं तर डोळ्याचा व्यासही मोजा, पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

टिकवायचं कसं ते कशासाठी पाहिजे त्यावर आहे. आकार बघायचा असेल तर 4 टक्के बफर केलेलं फॉर्मॅलिन, डीएनएसाठी 96 टक्के इथेनॉल, चरबी किंवा एन्झाइम बघायचे तर लगेच उणे 80 च्या फ्रीजरमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेला क्रिल डीएनएसाठी जवळपास गेलाच समजा. फॉर्मॅलिन उघडताना ग्लोव्हज आणि एक्झॉस्ट पाहिजेच, डुलत्या जहाजात बाटली सांडते आणि मग डोळे दोन दिवस चुरचुरतात. लेबल पेन्सिलने, वॉटरप्रूफ कागदावर, बाटलीच्या आत एक आणि बाहेर एक. पेनची शाई इथेनॉलमध्ये दहा मिनिटात गायब होते.

आता मासे. टूथफिश नावाचा खोल पाण्यातला मोठा मासा आला तर वय त्याच्या कानातल्या खड्यावरून म्हणजे ओटोलिथवरून काढतात. डोक्याच्या मागच्या भागात कवटीवर आडवा काप घ्या, मेंदूखाली दोन्ही बाजूंना खडे असतात, चिमट्याने काढून वरचा पातळ पडदा पुसा आणि कोरडे पाकिटात ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये कधीच नाही, खडा चुनखडीचा असतो, झिजतो. किनाऱ्यावर परत आल्यावर तो ओव्हनमध्ये भाजून रेझिनमध्ये बसवतात, मधोमध कापतात आणि झाडासारख्या रेघा मोजतात, दोन जण वेगवेगळे मोजतात आणि एकमेकांचा आकडा आधी बघत नाहीत. अंटार्क्टिक टूथफिशमध्ये 40 च्या वर वर्षं निघालेली आहेत, तेव्हा कंटाळून अंदाजे लिहू नका.

रॉस समुद्रात टूथफिश पकडणाऱ्या जहाजांना दर टनामागे एक मासा टॅग लावून परत सोडावा लागतो. हजार मीटरवरून वर आणलेला मासा जिवंत कसा राहतो असं वाटेल, तर या माशांना हवेची पिशवीच नसते, त्यामुळे फुगून मरत नाहीत. पण डेकवर ताटकळत ठेवू नका, उणे हवेत कल्ले गोठतात. आणि आइसफिश कापलात आणि रक्त पाण्यासारखं पांढुरकं निघालं तर घाबरू नका, मासा सडलेला नाही, त्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं.

शेवटचं काम कोणालाच आवडत नाही, जाळं धुणं. शिवणीत आणि टोकाच्या डब्यात क्रिल अडकून राहतात आणि पुढच्या स्टेशनला, म्हणजे जाळं टाकायच्या पुढच्या ठिकाणी, ते नव्या सॅम्पलमध्ये येतात, बहुतेक वेळा मऊ पडलेले असतात म्हणून ओळखू येतात, पण नेहमी नाही. होज लावा, उलटं करून झटका, फ्लोमीटर गोड्या पाण्याने धुवा. मग जाऊन झोपा, पुढचं स्टेशन दोन-तीन तासात येतंच.