आयटीआयचा फॉर्म भरायच्या आधी

पुतण्याचा आयटीआयचा फॉर्म मी भरला होता, त्याला शेजारच्या खुर्चीत बसवून. काय भरतोय हे त्याला विचारलंसुद्धा नाही. यंदा मुलीची पाळी आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतोय. ज्यांच्या घरी दहावीचा निकाल लागायचाय त्यांनीही बघून घ्यावं.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, हे सांगायला नको. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर लागणार असेल तर निकालाची वाट बघू नका. निकालानंतर सेतूत उभं राहायला जागा नसते. आधारवरचं नाव गुणपत्रिकेशी जुळतंय का तेवढं तपासा.

आता पहिला विकल्प. फॉर्ममध्ये संस्था आणि ट्रेड, म्हणजे शिकायचा व्यवसाय, यांचे विकल्प पसंतीक्रमाने द्यायचे असतात. मला वाटलं, ही नुसती यादी, वर काय नि खाली काय. तालुक्याची आयटीआय, प्लंबर, एसटी दारातून, म्हणून ते एक नंबरला टाकलं. पोराच्या डोक्यात इलेक्ट्रिशियन होतं, ते तिसऱ्या नंबरला. पहिल्या फेरीत एक नंबरचं लागलं आणि मी पेढे आणले. नियम नंतर कळला: पहिला विकल्प लागला की प्रवेश घ्यायलाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. दुसरा-तिसरा विकल्प लागला असता तर पुढच्या फेरीची वाट बघता आली असती. पोरगा महिनाभर गेला, गणपतीनंतर गेलाच नाही. म्हणजे पहिला विकल्प तोच, जो लागला तर उद्या सकाळी डबा घेऊन निघायची तयारी आहे. माहिती पुस्तिका कंटाळवाणी असते, तरी वाचा. मी वाचली नव्हती.

पहिला विकल्प ठरवायचा कसा? घरी बसून नाही. संस्थेत जा, वर्कशॉप बघू द्या म्हणा. फिटरला सुरुवातीचे दिवस लोखंडाच्या तुकड्यावर कानस घासण्यात जातात. ते ज्याला बघवत नाही त्याने फिटर पुढे टाकू नये. वेल्डिंगचा उजेड आणि धूर फोटोत कळत नाही. मशिनी चालू आहेत की कापडाखाली झाकल्यात, तेही दिसतं. वर्ग चालू असताना दुसऱ्या वर्षाच्या दोन पोरांशी बोला, सरांसमोर नको.

मुदतही बघा. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) एका वर्षाचे. एक वर्षात मोकळं होता येतं म्हणून उड्या मारू नका. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा उघडतो, पुढे शिकायची इच्छा असेल तर हे मोठं आहे. उलट घरात लगेच पैसा हवा असेल तर वेल्डर वाईट नाही, आणि त्याला दहावी नापासही चालतो. मुलींसाठी राखीव जागा असतात. "पोरीला कोपाच" हे नातेवाइकांचं म्हणणं पहिल्या विकल्पात शिरू देऊ नका. आमच्याकडे ते चालू झालंय.

काही ठिकाणी ड्युअल पद्धतीच्या तुकड्या असतात, काही महिने संस्थेत, काही महिने कारखान्यात. विचारा: कंपनी कोणती, किती लांब, जायची सोय काय.

फॉर्म कन्फर्म करायच्या आधी विकल्पांची प्रिंट काढा. रात्रभर घरात ठेवा. सकाळी पोराला एक नंबर मोठ्याने वाचायला लावा. वाचताना तोंड वाकडं झालं तर नंबर बदला. नेट कॅफेवाल्याला घाई असते, ती त्याची.

पुढचं थोडक्यात. आधार जोडलेलं बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर उघडा, वडिलांच्या नाही. नंतर अप्रेंटिसशिपच्या, म्हणजे कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीच्या, विद्यावेतनातला सरकारचा वाटा, 25 टक्के आणि जास्तीत जास्त 1500 रुपये महिना, थेट त्यात येतो. अप्रेंटिसशिपची नोंदणी शेवटच्या परीक्षेच्या सुमारास, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कुणी ओळखीचं असेल तर तेव्हाच फोन. बूट, गणवेश, ड्रॉइंगचं सामान संस्था सांगेल तेव्हा.

मुलीने कागदावर तिचा एक नंबर लिहून दिलाय, इलेक्ट्रिशियन, जिल्ह्याच्या ठिकाणी. तासाभराचा प्रवास आहे. मी काही बोललो नाही.