रेल्वेच्या चॅनलवर अचानक घरघर आली तर

अमेरिका-कॅनडातल्या मालगाड्यांचा संवाद 160 ते 161.6 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, बहुतांशी साध्या अ‍ॅनालॉगवर चालतो, आणि तो स्कॅनरवर (अनेक चॅनल ऐकवणाऱ्या रेडिओवर) ऐकता येतो. त्यात मधूनच करवतीसारखी घरघर आली, की आधी स्कॅनरचा अ‍ॅटेन्युएटर (येणारे सगळे सिग्नल मंद करणारी सोय) चालू करा. घरघर गेली आणि ड्रायव्हरचा आवाज राहिला, तर दोष ओव्हरलोडचा: जवळच्या ताकदवान ट्रान्समीटरने रिसीव्हर गुदमरला होता. रिसीव्हरच्या आतच ताकदवान सिग्नल मिसळून तयार होणारी अशी मिश्रणं खऱ्या सिग्नलपेक्षा कितीतरी वेगाने पडतात; सिग्नल 1 डेसिबल कमी केला की ती साधारण 3 डेसिबलने पडतात. मग 88 ते 108 मेगाहर्ट्झ रोखणारा एफएम नॉच फिल्टर अँटेना आणि स्कॅनरच्या मध्ये लावून पाहा. मोठी अँटेना लावू नका, त्याने त्रास वाढतोच.

अ‍ॅटेन्युएटरने घरघर आणि आवाज दोन्ही सारखेच मंदावले, तर तो बहुधा खराखुरा एनएक्सडीएन (रेल्वेत वापरली जाणारी डिजिटल रेडिओ पद्धत) सिग्नल आहे, त्याच चॅनलवर किंवा शेजारच्या. मोड एफएमऐवजी एनएफएम (अरुंद एफएम) करा, शेजारच्या चॅनलवरून गळणारा आवाज घटेल. त्याच चॅनलवर असेल, तर एनएक्सडीएन उलगडणारा स्कॅनर हवा. स्क्वेल्च (कमजोर आवाज दाबणारी सोय) कितीही आवळला तरी फरक पडत नाही.

घरघर अखंड आणि फक्त घरातच येत असेल, तर आधी एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करा.

457.9375 मेगाहर्ट्झवरची थोड्या थोड्या वेळाने येणारी किरकिर मात्र बिघाड नव्हे. तो गाडीच्या शेवटच्या डब्यावरचा यंत्रसंदेश. नको असेल तर ती फ्रिक्वेन्सी लॉकआउट करा, म्हणजे स्कॅनर ती वगळेल.