बडोद्यात ऑर्गॅनिक केमिस्ट्री करताय? मग हे आधी वाचा

बडोद्यात ऑर्गॅनिक घेऊन एम.एस्सी. करणाऱ्याला दांडिया बाजारातले सगळे काका-मामा एकच विचारतात, "मग, कुठल्या कंपनीत लागणार?" प्रश्न वावगा नाही. कलाभवन या तांत्रिक शिक्षणसंस्थेचे प्रा. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अलेंबिक काढली, तेव्हापासून या गावाला औषधांच्या कारखान्यांची सवय आहे. मीही एम. एस. युनिव्हर्सिटीतून बाहेर पडलो तो अशाच एका नोकरीत. पीएच.डी.ला नंतर गेलो. दोन्हीकडचं बघून झाल्यावर नव्या मुलांना सांगावंसं वाटतं ते असं.

"सिंथेसिसची नोकरी" (म्हणजे रेणू बनवण्याची) म्हटली तरी त्यात निरनिराळी कामं असतात. आपल्या भागात जास्त मिळतं ते प्रोसेसचं. रेणू ठरलेला असतो. तो स्वस्तात, स्वच्छ आणि किलोंनी कसा बनेल ते बघायचं. मेडिसिनलमध्ये, म्हणजे नवं औषध शोधण्याच्या कामात, उलट: थोडे मिलिग्रॅम, पण रेणू दर आठवड्याला वेगळा. आणि तिसरं काम, ज्याच्याबद्दल वर्गात फारसं कुणी बोलत नाही, ते म्हणजे पेशीत काय चाललंय हे शोधण्यासाठी रेणू बनवणं.

या तिसऱ्याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना म्हणजे एफके५०६ हा रेणू. जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९८४ मध्ये तो मिळाला. मूत्रपिंडरोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात तो टॅक्रोलिमस हाच. रोगप्रतिकारक टी-पेशींना तो गप्प करतो हे दिसत होतं, पण कसा? रसायनशास्त्रज्ञ स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने तो एका आधारद्रव्याला जोडला, पेशींचा अर्क त्यावरून सोडला आणि १९८९ मध्ये त्याला चिकटणारं प्रथिन पकडलं: एफकेबीपी. हे प्रथिन म्हणजे एक एन्झाइम निघालं आणि औषधाने त्याचं काम बंद पडत होतं. कुणीही म्हणालं असतं, झालं, उत्तर सापडलं.

मग त्यांनी ५०६बीडी नावाचा रेणू बनवला. त्यात एफकेबीपीला चिकटणारा भाग तेवढा ठेवला होता. तो चिकटला, एन्झाइमही बंद पडलं, आणि टी-पेशींवर मात्र काहीच परिणाम नाही! म्हणजे एन्झाइम बंद पडणं हे कारणच नव्हतं. १९९१ मध्ये खरा प्रकार कळला: औषध आणि एफकेबीपी मिळून कॅल्सिन्युरिन नावाच्या तिसऱ्याच प्रथिनाला धरतात. हा शोध ज्यामुळे पुढे सरकला तो रेणू औषध म्हणून कुचकामी होता. म्हणून माझं मत असं की या क्षेत्रात ज्याला काम न करणारा जोडीदार रेणू नेमका आखता येतो, तोच खरा केमिस्ट. थोडेथोडे बदललेले पन्नास अ‍ॅनालॉग कुणीही पाडेल.

आता जरा लॅबमधल्या बाकावरचं. बायोलॉजीच्या लॅबला कंपाउंड देण्याआधी टीएलसीवर (शुद्धता झटपट बघायच्या पट्टीवर) एकच स्पॉट दिसला म्हणून खूश होऊ नका. एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम, नीट बघा. क्लोरोफॉर्म-डी या द्रावकात ४.१२, २.०५ आणि १.२६ पीपीएमला सिग्नल दिसले तर ते बहुधा तुमच्या रेणूचे नाहीत, शुद्धीकरणाच्या कॉलममधून आलेल्या इथिल अ‍ॅसिटेटचे आहेत. ते वजनात धरलं गेलं की डोस चुकतो. त्याहून घातक धातूंचे अंश. सुझुकी कपलिंग (पॅलॅडियम धातू वापरून दोन तुकडे जोडणं) केलंय, पॅलॅडियम नीट काढलं नाही, आणि रेणूचा परिणाम मोजणाऱ्या चाचणीत म्हणजे अ‍ॅसेमध्ये झकास आकडा आला तर तो आकडा कुणाचा, तुमच्या रेणूचा की धातूचा? हाच रेणू वेगळ्या मार्गाने, पॅलॅडियम न वापरता बनवून पुन्हा तपासा. वेळ जातो खरा. पण सहा महिने भलत्याच मागे धावण्यापेक्षा बरं. विद्राव्यताही तपासा, डीएमएसओ या द्रावकात विरघळलेला रेणू पाण्यात पडल्यावर कधी कधी गढूळ होतो आणि त्या गढूळपणाचेच खोटे निकाल येतात.

तयारीचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा द्याच, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडे. पुण्याची एनसीएल आणि आयसर, लखनौची सीडीआरआय, हैदराबादची आयआयसीटी या संशोधनसंस्थांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण संस्थेपेक्षा गाइड बघा. त्यांच्या पेपरांत जीवशास्त्राचे प्रयोग त्यांच्याच लॅबमध्ये होतात की रेणू बाहेर पाठवून आकडा मागवला जातो? दुसऱ्या प्रकारात तुम्ही चांगले सिंथेटिक केमिस्ट व्हाल, पण अ‍ॅसेची भाषा तुमच्या कानावर पडणार नाही. बारावीनंतर बायोलॉजी सोडलेल्यांनी घाबरू नये. एन्झाइम कायनेटिक्स (एन्झाइमच्या कामाचा वेग मोजणं) आणि वेस्टर्न ब्लॉट (एखादं प्रथिन ओळखणं) एवढ्यापासून सुरुवात होते, बाकी येतं.

घरी पैशांची निकड असेल तर आधी प्रोसेसची नोकरी धरा, त्यात कमीपणा काही नाही. रिअ‍ॅक्शन मोठ्या प्रमाणावर का फसते हे तिथेच कळतं. फक्त जेआरएफची वयोमर्यादा आधी बघून ठेवा, आणि अ‍ॅनालिटिकलवाले रिपोर्ट देतात म्हणून स्वतः एनएमआर वाचणं सोडू नका. इंटरव्ह्यूत पहिला स्पेक्ट्रम पुढे ठेवतात तेव्हा तिथेच अडतं.