४०४ आणि ५०० हाताळताना या चुका टाळा

पान मागितलं की सर्व्हर एक स्टेटस कोड पाठवतो: ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड. पण पान सापडत नाही? द्या होम पेजवर पाठवून! सोलापुरातल्या इतक्या साइट्सवर मी हा प्रकार पाहिलाय, की नवीन साइट हातात आली की आधी पत्त्याच्या शेवटी काहीतरी निरर्थक टाइप करतो आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये स्टेटस कोड बघतो. पडद्यावर काय दिसतं ते नंतर.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलवाल्यांची साइट. आधीच्या डेव्हलपरने एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सी इंटरसेप्ट (मागच्या ॲपची एरर एनजिनएक्सनेच हाताळायची सोय) चालू करून एरर पेजच्या ओळीत ४०४ पुढे होम पेजचा पूर्ण पत्ता लिहिला होता, एचटीटीपीएससकट. असा पूर्ण पत्ता दिला की एनजिनएक्स ४०४ देतच नाही. ते ३०२ (तात्पुरतं दुसरीकडे जा) देऊन तिकडे पाठवतं आणि तिथे २०० (सगळं ठीक) मिळतो. दिवाळीच्या तोंडावर डिप्लॉय झालं, म्हणजे नवा कोड साइटवर चढला, आणि टॉवेल विभागाच्या राउटमध्ये (कोणत्या पत्त्यावर कोणतं पान, त्या नियमात) एक अक्षर चुकलं. टॉवेलचं प्रत्येक पान होम पेजवर जाऊ लागलं. साइट चालू आहे का ते तपासणाऱ्या मॉनिटरला २०० मिळत होता, त्यामुळे तो गप्प. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, ४०४ शोधावा तर एकही नाही, सगळे ३०२ म्हणून नोंदलेले. मालक मला म्हणाले, "सर, चादरीची विचारणा येतेय, पण टॉवेलचं कुणी नावच काढत नाही." ऐन हंगामात! खरा ४०४ गेला असता तर त्याच संध्याकाळी कळलं असतं.

इलाज सोपा आहे. त्या ओळीत स्लॅशने सुरू होणारा स्थानिक पत्ता द्या आणि बरोबरचं चिन्ह (=) टाकून कोड बदलू नका. गूगलही असल्या होम पेजवर पाठवण्याला सॉफ्ट ४०४ (कोड ठीक, पण पान खरं तर नाहीच) समजतं, म्हणजे तिथेही काही कमाई नाही. एखादं डिझाइन कायमचं बंद झालं असेल तर ४१० द्या. त्याच्या जवळचं दुसरं डिझाइन खरोखर असेल तरच त्या पानावर ३०१ (कायमचं तिकडे जा).

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: ५०० चं पान सुंदर करण्याचा हट्ट. त्यात नेहमीचा हेडर, हेडरमध्ये मेनू, मेनूसाठी डेटाबेसमधून कॅटेगरी. आता डेटाबेसच बसला तर? एरर हँडलर पान बनवायला जातो, तिथेच पुन्हा एरर येते आणि ग्राहकाला पांढरं पान किंवा फ्रेमवर्कचा उघडा मजकूर दिसतो. स्टेपनी पंक्चर असल्यासारखी ही गत. जँगो या पायथन फ्रेमवर्कचा मूळ ५०० व्ह्यू टेम्पलेटला रिकामा कॉन्टेक्स्ट (पानात भरायची माहिती) देतो, तो याच कारणासाठी. तरी पोरं त्या टेम्पलेटला बेस टेम्पलेट, म्हणजे सगळ्या पानांचा मेनूसकटचा साचा, जोडतात. माझं ५०० चं पान म्हणजे एकच एचटीएमएल फाइल: सीएसएस आतच, दुकानाचा फोन नंबर आणि "थोड्या वेळाने पुन्हा पाहा". बस्स.

याच्या उलटी चूकही तितकीच वाईट. सगळं ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) गुंडाळायचं आणि काहीही बिघडलं की "सापडलं नाही" म्हणायचं. डेटाबेस बंद असताना ४०४ दिलात, तर चांगली चालणारी पानं गूगल यादीतून काढू लागतं. रेकॉर्ड खरंच नसेल तेव्हाच ४०४, बाकी बिघाड ५०० म्हणूनच जाऊ द्या. देखभालीसाठी साइट बंद ठेवताना ५०३ (सध्या सेवा बंद) आणि सोबत रिट्राय-आफ्टर हेडर, म्हणजे उत्तराच्या आधी जाणारी 'इतक्या वेळाने या' ही सूचना.

एक्सप्रेस या नोड जेएसच्या फ्रेमवर्कमध्ये ४०४ चा हँडलर सगळ्या राउट्सनंतर ठेवा. एरर हँडलरला चारही पॅरामीटर (एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट) लिहा, शेवटचा नेक्स्ट वापरत नसलात तरी, नाहीतर एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर (मधल्या टप्प्यावर चालणारं फंक्शन) समजतं.

नेक्स्ट जेएस या रिअॅक्टच्या फ्रेमवर्कमध्ये पान तुकड्यातुकड्याने जायला लागलं की नंतर नॉट-फाउंड फंक्शन बोलावून उपयोग नाही. हेडर २०० घेऊन निघून गेलेले असतात. वस्तू आहे का, हे आधी तपासा.

प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या चालू साइटवर, डीबग (एररचा सगळा तपशील पडद्यावर दाखवणारी सोय) चालू ठेवणाऱ्यांना मी माफ करत नाही. स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कोडमध्ये कुठून आली त्याची यादी, लॉगमध्ये लिहा. ग्राहकाला फक्त एक नोंद क्रमांक दाखवा, म्हणजे त्याने फोनवर तो सांगितला की लॉगमधली नेमकी ओळ सापडते.

"सर, एरर पेज शेवटी करू," असं घाईत असलेले नवशिके म्हणतात. माझ्याकडे ते पहिल्याच आठवड्यात होतं. स्टेजिंगवर (चाचणीच्या साइटवर) मी मुद्दाम डेटाबेस बंद करतो आणि त्यांनाच साइट उघडायला लावतो. ५०० कोडसह साधं पान आलं तरच पुढचं काम.