सर्व्हे घ्यायचा का नुसतं बघत बसायचं? डेटा गोळा करायची पद्धत अशी ठरवा

संशोधनाचा विषय फायनल झाला की बरेच जण थेट ऑनलाइन फॉर्म उघडून प्रश्न टाकायला लागतात. थांबा जरा. आधी ठरवा की तुम्हाला लोकांचं मत हवंय का वागणं, कारण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. समाजशास्त्रज्ञ लापिएरचा 1934 चा अभ्यास बघा, तो एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर फिरला, अडीचशे हॉटेलं-रेस्टॉरंटं झाली आणि नकार मिळाला फक्त एका ठिकाणी, पण नंतर त्याच हॉटेलवाल्यांना पत्राने विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांच्या वर लोकांनी चक्क नाही कळवलं! (पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवरचा माणूस एकच होता का, हा वाद आहेच.)

मत, भावना, हेतू यांना प्रश्नावली चालते. 'महिनाभरात किती तास फोन वापरलात' असलं मात्र विचारू नका, लोक अंदाजपंचे ठोकतात, त्यापेक्षा फोनमधली स्क्रीन टाइमची नोंदच मागा. विषय अगदी नवा असेल तर आधी मुलाखती. आणि अमुकमुळे तमुक होतं असं म्हणायचं असेल तर शक्यतो प्रयोगच करा, गट चिठ्ठ्या टाकून पाडा, सर्व्हे नुसता मोठा असून भागत नाही.

निरीक्षणात खरी डोकेदुखी व्याख्येची. समजा 'फोन बघितला' हे मोजताय, तर खिशातून काढला, वेळ बघितली, लॉक न उघडता परत ठेवला, हे धरायचं का नाही? आधीच लिहून ठेवा. मग दोघांनी एकमेकांना न विचारता निरीक्षणाचा तोच व्हिडिओ कोड करायचा (म्हणजे व्याख्येप्रमाणे नोंदी करायच्या) आणि कोहेनचा काप्पा (kappa, योगायोगाने जुळलेलं वगळून दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढायचा, नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका, योगायोगानेही बरंच जुळतं. शिवाय कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस शहाण्यासारखा वागतो, त्यामुळे सुरुवातीची एकदोन सत्रं सवयीसाठी सोडून द्या.

परीक्षेतली कॉपी, नशा असल्या विषयांवर सरळ विचारलं तर कोण खरं सांगणार? तिथे नाण्याची युक्ती भारी आहे. नाणं गुपचूप उडवायचं, छापा आला तर काहीही असो 'हो' लिहायचं, काटा आला तर खरं उत्तर. शंभरात साठ 'हो' आले तर साधारण पन्नास नाण्याचे, उरलेल्या पन्नासात दहा खरे, म्हणजे अंदाजे 20 टक्के. कोणी केलंय ते तुम्हालाही कळत नाही, फक्त सॅम्पल मोठं लागतं, तीसचाळीस जणांत हे करू नका.