सिल्कचा ब्लाउज घरी शिवताना या चुका टाळा

इंदूरला शीतलामाता बाजारात साडीसाठी गेलं की माहेश्वरीचा एखादा सुटा ब्लाउज पीस पिशवीत पडतोच. मग तो कपाटात राहतो. सणासुदीला मास्टरजी नवं काम घेत नाहीत आणि घरच्या मशीनवर सिल्कला कात्री लावायचा धीर होत नाही. भीती अगदीच खोटी नाही. सुती कापडावरची टीप उसवली, तर एका धुण्यात भोकं बुजतात. सिल्कवर ती राहतात. म्हणून फिटिंगचे सगळे प्रयोग अस्तरावर करायचे आणि सिल्कला सुई लावायची ती सगळं नक्की झाल्यावरच. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

अस्तर कोरंच कापणं

टू-बाय-टू असो की पॉपलिन, सुती अस्तर पहिल्या पाण्यात आटतं. सिल्क तेवढं आटत नाही, त्यामुळे वरचं कापड फुगतं आणि टक्सच्या, म्हणजे छातीच्या उभारासाठी घातलेल्या निमुळत्या चिमट्यांच्या, आजूबाजूला चुण्या येतात. अस्तर रात्रभर भिजत घाला, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. लाल, मरून, गडद निळं अस्तर असेल तर ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग उतरला तर ते अस्तर फिक्या सिल्कखाली नको. काखेतल्या घामाने तो रंग वर येणारच.

आता हे अस्तर एकटंच लांब टाक्याने शिवा आणि घालून पाहा. ज्या ब्रावर ब्लाउज घालणार तीच आत हवी. हा तास वाचवू नका. आरशासमोर हात वर करा, खाली बसा, खोल श्वास घ्या. छातीच्या मापावर एकूण इंच-दीड इंच सैल हवंच. विणलेलं सिल्क होजिअरीसारखं ताणत नाही. छातीवर आडव्या रेषा ओढल्या जात असतील तर तिथे घट्ट आहे. पुढचा गळा उघडा पडत असेल तर गळ्यावरून छातीच्या टोकाकडे चिमूट धरा आणि तेवढं कागदाच्या पॅटर्नमध्ये दुमडून टाका. मागचा गळा खोल असून खांदे उतरत असतील तर मागच्या गळ्याच्या मधोमध पाव-अर्धा इंच कमी करा. नाडी लावून खांदे सावरतात खरे, पण ती मलमपट्टी झाली.

मुंढा खोल कापणं

मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा गोल काप. काखेत टोचतंय म्हटलं की प्रत्येक घरात एक काकू सांगतेच, ‘मुंढा जरा खोल काप.’ काकूंचा मान राखून सांगते, हे करू नका. मुंढा जितका खाली जाईल तितका हात वर केल्यावर अख्खा ब्लाउज वर चढतो आणि खालची पट्टी पोटावर येते. फिटिंगच्या ब्लाउजचा मुंढा काखेच्या जवळच असावा लागतो. अडचण बहुतेक वेळा बाहीत असते: दंडाचा घेर कमी किंवा बाहीचा गोल, म्हणजे मुंढ्याला जोडायचा तिचा वरचा भाग, फार उंच आणि अरुंद. गोल अर्धा इंच उतरवा, दंडावर तेवढीच रुंदी वाढवा. शिवल्यावरही टोचत असेल तर काखेतल्या मायेला, म्हणजे टिपेबाहेर आत राहिलेल्या जादा कापडाला, टिपेपर्यंत, पण टीप न कापता, बारीक कात्रे द्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

बाजूच्या शिलाईवर धागे सरकणं

माहेश्वरी आणि चंदेरीच्या सिल्क-कॉटन पोतात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुती असतो. रेशमाचे धागे गुळगुळीत. ब्लाउज घट्ट झाला की बाजूच्या टिपेशी समांतर असलेले हे उभे धागे सरकतात आणि टीप शाबूत असूनही शेजारी जाळी दिसू लागते. अशी जाळी पुन्हा टीप मारून जात नाही. उपाय आधीच करायचा: बाजूला दीड इंच माया ठेवा आणि अस्तर सिल्कपेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) अरुंद शिवा, म्हणजे ओढ अस्तरावर जाते. जाळी पडलीच, तर बाजूची माया थोडी सोडून ब्लाउज सैल करा आणि त्या जागी आतून इस्त्रीने चिकटणारा पातळ कॅनव्हास लावा. पूर्ण लपणार नाही, वाढणं मात्र थांबेल.

माहेश्वरीची आणखी एक गंमत. तिचे काठ बहुधा दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, त्यामुळे दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवल्या जातात. कापल्याबरोबर प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूने खूण करा. मेणाचा खडू नको, इस्त्रीने त्याचा तेलकट डाग बसतो.

मशीनवरच्या चुका

जीन्सला लावलेली सोळा नंबरची सुई तशीच ठेवून सिल्क शिवणं ही सरळसरळ आळशीपणाची चूक. नऊ किंवा अकरा नंबरची नवी सुई लावा आणि टाके इंचाला दहा-बारा ठेवा. तरी टीप चुणत असेल तर वरच्या धाग्याचा ताण कमी करा, मशीनच्या पायाचा कापडावरचा दाब थोडा सैल करा. कापड पायाखालच्या दात्यांत ओढलं जात असेल तर खाली पांढऱ्या बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि मग ती फाडून टाका. वर्तमानपत्र चालणार नाही, शाई लागते. टाचण्या फक्त मायेत.

सिल्क आणि अस्तर मांडीवर धरून जोडू नका. टेबलावर दोन्ही सपाट पसरून कडेने हाताने धावदोरा घाला, मगच मशीनवर घ्या. गळा तिरपा कापलेला असतो, तो हाताळता हाताळता ताणतो. कापल्याबरोबर काठाजवळून एक टीप मारून ठेवली की पायपिंग लाटा मारत नाही.

टक्सचं टोक छातीच्या टोकाच्या एक इंच अलीकडे संपवा. तिथे उलटी टीप नको, धागे लांब सोडून हाताने गाठ मारा. तरी टोकाशी चोच दिसत असेल तर शेवटचे चार-पाच टाके उसवून टक्स आणखी निमुळता करा आणि गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवून आतल्या बाजूने इस्त्री करा. इस्त्री मंद, मध्ये सुती फडकं. पाणी शिंपडायचा मोह झाला तर आधी उरलेल्या चिंधीवर करून पाहा, कारण काही सिल्कवर पाण्याचे थेंब वाळले की गोल डाग उमटतात आणि ते घालवायला ड्रायक्लीनरकडेच जावं लागतं.